कुत्रं कुणाचं?

(बुलढाणा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



कुत्रं चावलेला माणूस आरोग्य केंद्रात आला की डॉक्टर पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच विचारतात, कुत्रं कुणाचं? या विचारण्यात पोलिसी चौकशी नसते. कुत्रं पाळलेलं आहे का, त्याला लस टोचली आहे का, पुढचे दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येईल का, एवढंच त्यांना हवं असतं. आपल्या जिल्ह्यात, घाटावर असो की घाटाखाली, या प्रश्नाला फार वेळा एकच उत्तर मिळतं: कुणाचंच नाही. ज्याच्या अंगणात ते कुत्रं दोन्ही वेळा भाकर खातं, ज्याच्या वावरात रात्रभर जागतं, ज्याच्या एका हाकेला धावत येतं, तोच माणूस चावा झाल्यावर म्हणतो, "आमचं नाही बाप्पा ते, असंच येतं."

ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. शाळेत पायी येणाऱ्या मुलांची वाट ज्यांनी आयुष्यभर पाहिली, त्यांच्या स्मृतिदिनी मला त्या वाटेवरच्या दारांविषयी बोलायचं आहे. दार उघडं राहिलं, साखळी तुटली, फाटक लावायचं विसरलं आणि मूल चावलं गेलं, तर त्या दाराच्या धन्याने काय करायचं, हा आजचा विषय.

2025 च्या ऑगस्टपासून देशभर कुत्र्यांची चर्चा आहे. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या मोकाट कुत्र्यांविषयी 11 ऑगस्टला आदेश दिला, 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला, आणि नोव्हेंबरात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारांबद्दल आणखी निर्देश आले. चर्चा व्हायलाच हवी होती. पण ती सगळी मोकाट कुत्र्यांची होती. नगरपालिकेने काय करावं, सरकारने काय करावं, प्राणिप्रेमींनी काय करावं, हे आपण तावातावाने बोललो. पाळीव कुत्र्याच्या बाबतीत मात्र जाब द्यायला समोर एक घर असतं, एक माणूस असतो, बहुतेकदा आपल्याच आळीतला. तिथे आपला आवाज खाली येतो. शेजार बिघडेल, भावकीत वाद होईल, म्हणून चावलेल्याच्याच घरच्यांना गप्प बसवलं जातं.

या गप्प बसण्याची किंमत किती, ते आकड्यांत पाहू. 2024 मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या 37 लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या आणि रेबीजने झालेले संशयित मृत्यू 54, असं केंद्र सरकारने संसदेत सांगितलं. त्याच सुमाराला आयसीएमआरच्या संशोधकांनी 15 राज्यांत 2022-23 मध्ये घरोघर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचा अंदाज आहे वर्षाला सुमारे 5,700 मृत्यू. 54 आणि 5,700 यांच्यामध्ये जी माणसं आहेत त्यांची रुग्णालयाच्या कागदावर नोंदच नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय जवळपास संपलेला असतो. मात्र चावा झाल्याबरोबर जखम धुतली आणि लस घेतली तर हा मृत्यू टळतो. जिथे माणसाच्या हातात एवढं आहे, तिथे एकही मृत्यू मला नाइलाजाचा वाटत नाही.

आता एक जुनी हकीकत सांगतो. रेबीजच्या लसीची गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. 6 जुलै 1885, पॅरिस, लुई पाश्चर आणि जोसेफ मायस्टर नावाचा नऊ वर्षांचा मुलगा. मुलाला लस दिली, मुलगा वाचला, इथे धडा संपतो. पण त्या दिवशी पाश्चरच्या दाराशी अल्सासच्या खेड्यातून तिघं जण आली होती, हे पाश्चरने स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. एक जोसेफ, दुसरी त्याची आई. आणि तिसरा थिओडोर वोन नावाचा किराणा दुकानदार. चावलेलं कुत्रं त्याचंच होतं. 4 जुलैला सकाळी त्या कुत्र्याने मुलाला खाली पाडून अंगावर चौदा जखमा केल्या. एका गवंड्याने लोखंडी सळया घेऊन धाव घेतली म्हणून मूल सुटलं. कुत्रं घरी परतलं आणि धन्यालाही चावलं. त्याने ते मारलं, आणि दोन दिवसांनी त्याच मुलासोबत तोही पॅरिसमध्ये हजर होता. पाश्चरने त्याचा दंड तपासला. दात सदऱ्याच्या आरपार गेलेच नव्हते, म्हणून तू घरी जाऊ शकतोस, असं त्याला सांगितलं. मुलाला पुढे दहा दिवसांत तेरा वेळा टोचलं. तो जगला, मोठा झाला, पाश्चर संस्थेतच द्वारपाल म्हणून राहिला.

वोन स्वतःच्या जिवाच्या भीतीनेही गेला असेल, ते मी नाकारत नाही. पण कुत्रं कुणाचं, ते कसं वागत होतं, मेल्यावर त्याच्या पोटात गवत आणि लाकडाचे तुकडे कसे सापडले, ही सगळी माहिती पाश्चरपर्यंत पोहोचली, कारण कुत्र्याने आधी कुणाला आणि मग कुणाला चावलं हे कोणी लपवलं नव्हतं. माणसाला दिलेल्या रेबीजच्या त्या पहिल्या गाजलेल्या लसीच्या दिवशी कुत्र्याचा मालक तिथे उभा होता. आपल्या गावात चावा होतो तेव्हा नेमका हाच माणूस दिसत नाही.

मालकाची जबाबदारी म्हटलं की लोकांना लगेच तुरुंग आणि दंड आठवतो. त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी पहिल्या तासाचं बोलू. चावलेला माणूस मालकाच्या दारातच असतो, त्यामुळे पहिला उपचार करण्याची संधी डॉक्टरांच्या आधी मालकाला मिळते. नळाखाली, हापशीखाली किंवा तांब्याने पाणी ओतत, साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं; ती वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. जखमेवर तिखट भरू नका, चुना, हळद, तेल काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. मांत्रिकाकडे नेऊन उतरवून घेण्यात अर्धा दिवस घालवू नका. लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, चेहऱ्यावर किंवा बोटांवर असेल, तर नुसती लस पुरत नाही. जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं आणि त्यासाठी बहुधा मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. तिथपर्यंत गाडी करून द्यायची असेल, तर ती कुणी करावी?

इथे मला आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडायचा आहे. लस मोफत आहे, पण लस घेणं फुकट होत नाही. पहिली मात्रा चावल्याच्या दिवशी, पुढच्या 3, 7 आणि 28 दिवसांनी. दंडाच्या स्नायूत टोचायची पद्धत असेल तर चौदाव्या दिवसाची आणखी एक. संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातली मजूर बाई सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत चार-पाच वेळा दवाखान्यात जाते, तेव्हा तितक्या दिवसांची तिची मजुरी बुडते, एसटीचं किंवा ऑटोचं भाडं वेगळं. मूल चावलं असेल तर बरोबर आई येते, म्हणजे पुन्हा तिचीच मजुरी. मग होतं असं की दोन मात्रा झाल्यावर जखम सुकते आणि तिसरी राहून जाते. तिच्या आळसाला दोष देणं सोपं आहे. माझ्या मते तिचा प्रत्येक खाडा आणि प्रत्येक फेरीचं भाडं कुत्र्याच्या मालकाने द्यायला हवं, तिने मागण्याआधी. कुठल्याही न्यायाधीशाने सांगण्याची वाट यासाठी पाहावी लागत नाही.

आणि दहा दिवस. चावलेलं कुत्रं बांधून, खाऊ-पिऊ घालून दहा दिवस नजरेसमोर ठेवायचं. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असतील तर एवढ्या मुदतीत ते आजारी पडतं, मरतं. धडधाकट राहिलं तर चावलेल्या घराच्या जिवावरचं ओझं उतरतं आणि पुढच्या मात्रांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवू शकतात. उपचार मात्र पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवेत, दहा दिवसांच्या निकालासाठी थांबायचं नाही. आपल्याकडे घडतं काय? एक तर गाव काठ्या घेऊन कुत्र्यामागे लागतं आणि ते ठार होतं. नाही तर मालकच रात्री ते गाडीत घालून घाटात, धाब्याजवळ, दुसऱ्या गावच्या शिवारात सोडून येतो. दोन्ही प्रकारांत चावलेल्या माणसाचा एक मोठा आधार जातो, आणि दुसऱ्या प्रकारात तेच कुत्रं, तीच सवय, दुसऱ्या गावच्या मुलांच्या वाट्याला येते. प्राण्याला असं टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तिथला दंड पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये इतका किरकोळ आहे की त्याची भीती कुणाला वाटणार नाही. पण हे कृत्य माझ्या लेखी चाव्यापेक्षा वाईट. चावा एखाद्या बेसावध क्षणी होतो, टाकून येणं विचार करून होतं.

"असंच येतं" या उत्तराकडे परत वळतो, कारण आपल्या जिल्ह्याचा खरा गुंता तिथे आहे. मुंबई-पुण्यात कुत्रं विकत घेतलेलं असतं, त्याची पावती असते, लसीकरणाचं पुस्तक असतं. आपल्याकडे रानडुकरं आणि रोही पीक फस्त करतात, ज्ञानगंगा किंवा अंबाबरवा अभयारण्याच्या कडेच्या गावांना बिबट्याची आणि अस्वलाची धास्ती असते, म्हणून जागलीला कुत्रं लागतंच. ते कुणी विकत आणत नाही. कुणाच्या तरी कुत्रीचं पिल्लू उचललं जातं, वावरातल्या खोपीवर वाढतं. मी या कुत्र्यांच्या विरोधात नाही. रात्री एकट्याने तूर राखणाऱ्या माणसाला त्याचा किती आधार असतो, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की राखण घेताना ते आपलं आणि चावल्यावर गावाचं, असं होऊ शकत नाही.

कायदाही तसंच म्हणतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 291 पाहा. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने, त्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा जो संभाव्य धोका असेल तो टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हेच कलम 289 होतं आणि दंडाची मर्यादा 1860 पासून एक हजार रुपयेच राहिली होती. या कलमात मालकीची पावती मागितलेली नाही. प्राणी ताब्यात असणं पुरेसं आहे. शेतावर सालदार असेल आणि कुत्रं त्याच्या हाती सोपवलेलं असेल, तर शेतमालकाने सगळं त्याच्यावर ढकलू नये, ही माझी जोड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या परवानगीवाचून तपास करू शकतात. प्रत्यक्ष दुखापत झाली तर निष्काळजीपणाने इजा करण्याची कलमं लागू शकतात, आणि जीव गेला तर निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम 106, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

इथे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा एक आदेश अनेकांना आठवेल, कारण आपला जिल्हा त्याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो. ऑक्टोबर 2022 मध्ये खंडपीठाने म्हटलं होतं की मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर त्यांना रीतसर दत्तक घ्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. ती योग्यच होती असं मला वाटतं. रस्त्यावरच्या उपाशी जिवाला तुकडा टाकणारा प्रत्येक माणूस मालक ठरवला तर दया करणंच धोक्याचं होईल. कुत्र्याने पळवलेली पोळी कोरडी आहे म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावलेल्या नामदेवांची गोष्ट ज्या मुलखात घरोघर सांगितली जाते, तिथे असा नियम रुजणारही नाही. पण येता-जाता तुकडा टाकणं वेगळं आणि नाव ठेवून, राखण करवून घेऊन, अंगणात वाढवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात "असंच येतं" म्हणणं खोटं आहे.

न्यायालयं हा खोटेपणा आणि बेफिकिरी किती गंभीरपणे घेतात, याची दोन उदाहरणं मुंबईतली आहेत. मे 2010 मध्ये नेपियन सी रोडवर मोटारीजवळ दोन ओळखीच्या माणसांत वाद चालला होता. मोटारीत रॉटवायलर जातीचं कुत्रं भुंकत होतं. दार उघडू नको अशी विनंती समोरच्या 72 वर्षांच्या गृहस्थाने केली, तरी मालकाने ते उघडलं. कुत्र्याने त्या वृद्धाला पायाला आणि हाताला चावे घेतले. 2023 मध्ये गिरगावच्या दंडाधिकाऱ्यांनी मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. दुसरं प्रकरण वरळीतलं, 2018 चं. लिफ्टमध्ये एक बाप आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन उभा होता. थोडं थांबा, असं त्याने सांगूनही शेजाऱ्याने कुत्रं आत ओढत आणलं आणि ते त्या बापाला चावलं. मे 2025 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली.

दोन्ही ठिकाणी चावणारं कुत्रं गौण आहे. समोरचा माणूस सांगत होता, थांब, आणि मालकाने ऐकलं नाही. कुत्र्यांच्या जातींवरच्या बंदीचा प्रश्न मला त्यामुळे दुय्यम वाटतो. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 जातींविषयी बंदीचं परिपत्रक काढलं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. आपल्या खेड्यांत त्या 23 पैकी किती जाती असतील? आपल्याकडचे चावे गावठी कुत्र्यांचे आणि उघड्या फाटकांचे आहेत.

या निकालांतलं दुसरं सत्यही बघायला हवं. एका प्रकरणाला तेरा वर्षं लागली आणि दुसऱ्याला सात. ज्यांना वकील परवडतो त्यांची ही गत. फौजदारी दंडाची रक्कम सरकारजमा होते. न्यायालयाने वेगळा आदेश केला तरच जखमीच्या हातात काही पडतं, नाही तर दिवाणी दावा वेगळा लावायचा. जर्मनीत 1900 सालापासून दिवाणी संहितेचं कलम 833 आहे. हौसेने पाळलेल्या प्राण्याने केलेलं नुकसान मालकाने भरून द्यायचं, त्याची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. पोटापाण्यासाठी ठेवलेल्या पाळीव प्राण्याच्या मालकाला मात्र आपण योग्य काळजी घेतली होती हे दाखवून सुटता येतं. बंगल्यातलं कुत्रं आणि वावरातलं कुत्रं यांतला फरक त्या कायद्याने ओळखला आहे. असा कायदा आपल्याकडे व्हावा असं मला मनापासून वाटतं. तो होईपर्यंत ग्रामसभेला आपापल्या पातळीवर खूप काही करता येईल: गावातल्या पाळीव कुत्र्यांची नोंदवही ठेवावी, वर्षातून एकदा पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने लसीकरणाचा दिवस ठरवून त्याची दवंडी द्यावी, चावा झाल्यास मालकाने खर्च भरण्याचा ठराव करून तो पाळावा.

मालकांचीही बाजू असते. चोर आत शिरला, कुणी दगड मारला, पिल्लांजवळ गेलं, तर कुत्रं चावणारच, असं ते म्हणतात. हे अगदी खोटं नाही, आणि न्यायालयही परिस्थिती पाहतं. पण पोस्टमन, महावितरणचा वायरमन, आशाताई, दूध घालणारा, चेंडू आणायला आलेलं पोर, यांपैकी कुणी चोर नाही. त्यांना दारापर्यंत सुरक्षित येता यायला हवं. कुत्रं असल्याची पाटी लावली की आपली सुटका झाली, असंही समजू नये. ज्याला वाचता येत नाही त्या चार वर्षांच्या पोराला ती पाटी काय सांगणार?

आणि साखळी. दिवसभर दोन हात साखळीवर बांधलेलं आणि रात्री गल्लीत मोकळं सोडलेलं कुत्रं मी फार घरांत पाहतो. हे दोन्ही उलट आहे. बांधून ठेवलेलं कुत्रं चिडकं होतं आणि मोकळं सुटलं की समोर दिसेल त्याच्यावर जातं. ज्या 1960 च्या कायद्याचा मी उल्लेख केला, त्याच्या अकराव्या कलमात हेही आहे: कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर मालकाने क्रूरता केली. म्हणजे कुत्र्यावरचा अन्याय आणि माणसावरचा चावा यांची सुरुवात एकाच खुंटीपासून होते. कुत्र्याला फिरवायचं, पट्टा हातात धरून, आणि समोरून मूल येताना दिसलं तर आपण थांबायचं.

हे सगळं शहरी थाटाचं आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आपल्या रानातून जाणाऱ्या मेंढपाळांकडे पाहावं. कळपाची राखण करणारी त्यांची कुत्री लांडग्याला भिडणारी असतात. पण परका माणूस वाटेने येताना दिसला की मेंढपाळ लांबूनच ओरडतो, थांबा, आणि आधी आपल्या कुत्र्याला हाक मारून जवळ घेतो, मग वाट मोकळी करतो. त्याच्याकडे नोंदवही नाही, पट्टा नाही. कुत्रं आपलं आहे आणि त्याच्या दातांचा जबाब आपल्याला द्यायचा आहे, एवढं त्याला पक्कं माहीत असतं.

2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याचं लसीकरण, जंतनाशक आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. कुत्र्याला रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात सुरू होते आणि दर वर्षी द्यावी लागते. आपल्या देशाने 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा 2021 मध्ये जाहीर केला. तो दिल्लीत पूर्ण होणार नाही, तुमच्या-माझ्या अंगणात होईल.

म्हणून माझी विनंती एकच आहे. आज घरी गेल्यावर आपल्या दारात जे कुत्रं भाकर खातं, त्याच्या शेवटच्या लसीची तारीख शोधा. तारीख सापडली नाही किंवा वर्ष उलटलं असेल, तर उद्या सकाळी त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आणि तिथल्या नोंदीत मालकाच्या जागी स्वतःचं नाव लिहा.